हॉथमच्या खडकांखालचा पॉसम आणि शेकडो किलोमीटरवरची शेतं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मेलबर्नहून माउंट हॉथमला बर्फ बघायला गेलो होतो, तिथे मूठभर आकाराच्या एका प्राण्यासाठी रस्त्याखाली भुयार बांधल्याचं कळलं. एवढ्याशा जिवासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा त्याला प्राणिसंग्रहालयात नेऊन का वाढवत नाहीत? आणि शहरात राहून आम्हाला यात काही करता येईल का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगरांत या प्राण्याच्या गणनेचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

हा प्राणी म्हणजे माउंटन पिग्मी पॉसम, शास्त्रीय नाव बुरामिस पार्वस. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण ४५ ग्रॅम, शेपूट अंगापेक्षा लांब आणि जवळजवळ केसविरहित, डोळे मोठे आणि काळेभोर. लांबून उंदीर वाटतो, पण तो कांगारूच्या गोत्रातला, पोटाला पिशवी असलेला प्राणी आहे. मादीच्या पिशवीत चार आचळं असतात, म्हणजे एका वेतात चारपेक्षा जास्त पिल्लं जगूच शकत नाहीत, आणि वेत वर्षातून एकच. उंदरासारखी भराभर संख्या वाढवून नुकसान भरून काढणं याला जमत नाही. त्याऐवजी तो दीर्घायुषी आहे. माद्या दहा वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. एवढ्या छोट्या सस्तन प्राण्यासाठी हे आयुष्य फार मोठं आहे. त्यामुळेच एखादी जाणती मादी मांजराने मारली, तर तो घाव त्या उतारावर पुढची कित्येक वर्षं जाणवतो.

याची ओळख आधी झाली ती हाडांवरून. १८९५ साली जीवाश्मांचे अभ्यासक रॉबर्ट ब्रूम यांनी न्यू साउथ वेल्समधल्या वॉम्बियन गुहांत सापडलेल्या जीवाश्मांवरून त्याचं वर्णन केलं, आणि पुढची सत्तर वर्षं तो नामशेष झालेला प्राणी मानला गेला. १९६६ साली हॉथमवरच्या एका स्की क्लबच्या निवासात एक जिवंत नर सापडला. त्यानंतर शोध सुरू झाला आणि त्याची घरं उमगत गेली: कोसियुस्को राष्ट्रीय उद्यान, हॉथम आणि बोगाँग पठाराचा पट्टा, आणि १९९६ मध्ये माउंट बुलर. जगात तो फक्त या तीन भागांत आहे. सगळे मिळून प्रौढ प्राणी दोन हजारांच्या आत भरतील, असा आमच्या क्षेत्रातला सर्वसाधारण अंदाज आहे.

आता घराबद्दल. ऑस्ट्रेलियाचे डोंगर बुटके आहेत. सर्वांत उंच कोसियुस्को २,२२८ मीटरचा. त्यांच्या माथ्याजवळ काही ठिकाणी मोठमोठ्या दगडांच्या राशी पडलेल्या असतात. हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने कडे फुटले, त्याचा हा ढीग. दगडांच्या मधल्या फटी खोल जातात आणि तिथलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. या राशींवर माउंटन प्लम पाइन नावाचं जमिनीलगत पसरणारं झुडूप वाढतं. ते अतिशय हळू वाढतं, शेकडो वर्षं जगतं, त्याची फळं आणि बिया पॉसम खातो, आणि जाड बियांचा पुढच्या दिवसांसाठी साठाही करतो. त्याच्या जबड्यात करवतीसारख्या रेघा असलेली एक मोठी दाढ आहे. बियांची कवचं आणि किड्यांची टणक आवरणं फोडायला ती कामी येते. गणनेच्या वेळी पकडलेला प्राणी हातात धरताना हातमोजे का घालावेत, याचं उत्तर त्या दाढेत आहे.

अशा दगडराशींचं एकूण क्षेत्र जेमतेम काही चौरस किलोमीटर. आणि नेमक्या याच उतारांवर बर्फ चांगला टिकतो, म्हणून स्की रिसॉर्टही तिथेच उभे राहिले.

बर्फ या पॉसमचा शत्रू नाही. तो त्याची गोधडी आहे. हा प्राणी वर्षातले पाच ते सात महिने शीतनिद्रेत असतो. शरीराचं तापमान दोन अंशांच्या आसपास उतरतं आणि एका दमात वीसेक दिवस तसंच राहतं. मग तो काही तास जागा होतो आणि पुन्हा निद्रेत जातो. साठवलेल्या चरबीचा सर्वांत जास्त खर्च या मधल्या जाग येण्यातच होतो. वर मीटर-दीड मीटर बर्फ असेल तर बाहेर कितीही थंडी पडो, फटीतलं तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहतं. बर्फ पातळ झाला की थंडी आत शिरते, शरीर गोठू नये म्हणून चरबी जाळावी लागते, जाग जास्त वेळा येते आणि वसंतापर्यंत (इथे तो सप्टेंबरला सुरू होतो) पुरवायची शिदोरी मध्येच संपते. कोसियुस्को भागातल्या स्पेन्सर्स क्रीक इथे १९५४ पासून बर्फाची खोली मोजली जाते. तिथली नोंद घसरणीची आहे आणि वसंतात बर्फ लवकर वितळू लागला आहे. यंत्रं फिरवून दाबलेला बर्फही तेवढा उबदार राहत नाही, कारण त्यातली हवा निघून जाते. म्हणून दगडराशींवरून स्कीच्या वाटा नेऊ नयेत, असा आग्रह आम्ही धरतो. स्कीइंग बंद करा असं मी म्हणणार नाही. वाट कुठून न्यायची याचा निर्णय मात्र आधी पॉसमचा नकाशा समोर ठेवून व्हायला हवा.

भुयाराची गोष्ट इथेच येते. या प्राण्यात नर-मादीची घरं वेगळी असतात. सर्वांत चांगली, उंचावरची, खोल फटींची जागा माद्यांकडे. नर बहुतेक काळ खालच्या उतारांवर राहतात, वसंतात वर येतात, मीलन झालं की परत जातात. हॉथमजवळ हिगिनबॉथम डोंगरावर रस्ता आणि रिसॉर्टचं बांधकाम नेमकं या ये-जा करण्याच्या वाटेवर आलं. परिणाम असा झाला की नर खाली परतू शकले नाहीत, माद्यांच्याच जागेत अडकून राहिले, अन्नावर आणि बिळांवर ताण आला आणि हिवाळा पार करणाऱ्या माद्यांचं प्रमाण घटलं. इयान मॅन्सर्ग आणि डेव्हिड स्कॉट्स या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर रस्त्याखाली भुयार काढलं गेलं आणि त्यात दगड भरून फटींचा सलग पट्टा तयार केला. पॉसमनी ते लवकरच वापरायला सुरुवात केली आणि माद्यांच्या जगण्याचं प्रमाण अबाधित जागेसारखं झालं. १९८९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘टनेल ऑफ लव्ह’ हे त्याचं लाडकं नाव पर्यटकांना आवडतं. मला त्यात आवडतं ते हे, की नुसतं भुयार बांधून लोक थांबले नाहीत. आधीची आकडेवारी होती, नंतरची घेतली, आणि शेजारच्या न बिघडलेल्या जागेशी तुलना केली. वन्यजीवांसाठी बांधलेल्या किती मार्गांबाबत असं होतं? भारतातही महामार्गांखालून प्राण्यांसाठी मार्ग काढले जातात. पेंचजवळच्या राष्ट्रीय महामार्गाखाली ते आहेत आणि तिथे कॅमेरे लावून प्राण्यांच्या नोंदीही घेतल्या गेल्या. पण वाघ खालून गेला एवढं छायाचित्र पुरेसं नसतं. मार्गामुळे जगण्यात आणि प्रजननात काय फरक पडला, हे विचारायचं असतं.

आता माझ्या उत्तराचा गाभा. भुयार, दगड, झुडपं, बर्फ हे सगळं डोंगरावरचं झालं. पण या पॉसमचा वसंत डोंगरावर पिकतच नाही. तो उडत येतो.

बोगाँग मॉथ हा तपकिरी रंगाचा, दिसायला साधा पतंग. त्याच्या अळ्या हिवाळ्यात दक्षिण क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्सचा उत्तर आणि पश्चिम भाग, पश्चिम व्हिक्टोरिया इथल्या सपाट प्रदेशात, कुरणांत आणि शेतांत वाढतात. महाराष्ट्रातल्या हरभरा-बटाटा करणाऱ्या शेतकऱ्याला रोपं कुरतडणारी अळी माहीत असते. ती याच अॅग्रोटिस कुळातली बहीण. वसंत आला की पतंग कोशातून निघतात आणि उन्हाळ्याच्या तडाख्यातून सुटण्यासाठी रात्रीच्या प्रवासाने डोंगर गाठतात, काही तर हजार किलोमीटरच्या घरात. यातल्या कुठल्याही पतंगाने ती वाट आधी पाहिलेली नसते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि आकाशातले तारे या दोन्हींच्या आधाराने ते दिशा धरतात, हे अलीकडच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. डोंगरावरच्या गुहांत आणि फटींत ते भिंतीवर कौलांसारखे एकावर एक बसतात, एका चौरस मीटरवर सतरा हजारांच्या आसपास, आणि उन्हाळाभर झोपून राहतात. शरदात पुन्हा मैदानात जाऊन अंडी घालतात आणि मरतात. त्यांच्या अंगात चरबी ठासून भरलेली असते. हजारो वर्षं या डोंगरांभोवतालचे आदिवासी समूह उन्हाळ्यात पतंग भाजून खायला एकत्र जमत, लग्नं आणि व्यवहार तिथे ठरत.

पॉसम बर्फातून जागा होतो तेव्हा त्याची चरबी संपलेली असते आणि महिन्याभरात मादीला पिल्लं पोसायची असतात. त्या क्षणी हे पतंग दगडांच्या फटीत, अगदी दारात येऊन उतरतात. हजारो वर्षं हे वेळापत्रक जुळत आलं. बर्फ लवकर वितळला तर पॉसम आधी जागा होतो आणि पतंग आलेले नसतात, ही पहिली अडचण. दुसरी अडचण याहून भयंकर निघाली.

२०१७ आणि २०१८ च्या वसंतांत पतंग आलेच नाहीत. एरवी अब्जांनी येणारे पतंग काही गुहांतून जवळजवळ नाहीसे झाले. नोंद ठेवलेल्या काही ठिकाणी घट ९९ टक्क्यांच्या वर होती. मुख्य कारण मैदानातला भीषण दुष्काळ. हिवाळ्यात हिरवळच नव्हती, तर अळ्या कशावर वाढणार? शेतीची बदललेली पद्धत आणि कीटकनाशकं यांचाही वाटा असावा असं मानलं जातं. आमच्या कामावर त्याचा परिणाम ताबडतोब दिसला.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे कळेल. संध्याकाळी दगडांच्या फटींत अॅल्युमिनियमचे घडीचे सापळे मांडायचे, आत अक्रोडाचा तुकडा आणि ऊब राहावी म्हणून कृत्रिम लोकरीचा गोळा. पहाटे उजाडायच्या आत सापळे तपासायचे. प्राणी कापडी पिशवीत घेऊन तोलायचा, कातडीखालची मायक्रोचिप वाचायची, मादी असेल तर पिशवी हलकेच उघडून पिल्लं मोजायची, आणि जिथे पकडली त्याच फटीत सोडायची. चांगल्या वर्षी बहुतेक प्रौढ माद्यांच्या पिशवीत चार चिमुकले गुलाबी जीव आचळाला लटकलेले दिसतात. त्या वर्षांत अनेक माद्या हडकुळ्या होत्या आणि कित्येकींच्या पिशवीतली पिल्लं मेली होती. आईला दूधच नव्हतं. दगड जागेवर होते, झुडपं होती, भुयार शाबूत होतं. डोंगरावर करण्यासारखं सगळं केलेलं होतं, आणि तरी पिल्लं मेली, कारण पाऊस शेकडो किलोमीटरवर पडला नव्हता.

म्हणून मी म्हणते की या पॉसमचं अधिवासक्षेत्र नकाशावर दाखवतात तेवढं नाही. दगडराशींचे काही चौरस किलोमीटर, अधिक पतंगांचा सगळा रस्ता, अधिक ती कुरणं आणि ती शेतं. संवर्धनाचा आराखडा राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणापाशी संपत असेल, तर तो अर्धाच आराखडा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) बोगाँग मॉथला संकटग्रस्त घोषित केलं. एके काळी दिवे लावले की घर भरून टाकणाऱ्या, कॅनबेराच्या संसदभवनात शिरून उच्छाद मांडणाऱ्या कीटकाबद्दल असं जाहीर करावं लागलं, यावरून काय ते समजा. नंतरच्या ओल्या वर्षांत पतंग काही प्रमाणात परत आले, पण पूर्वीइतके नाहीत.

दुष्काळापाठोपाठ २०१९-२० चे वणवे आले. कोसियुस्को उद्यानाचा उत्तरेकडचा भाग जळला. तिथे बाराशे मीटरच्या आसपास, हिमरेषेच्या खाली राहणारे पॉसम २०१० मध्येच सापडले होते. इतक्या खाली ते राहू शकतात हीच तेव्हा मोठी आशेची बातमी होती. खडकांच्या खोल फटींत बरेच प्राणी आगीतून वाचले, पण वर खायला काही उरलं नव्हतं. तेव्हा ‘बोगाँग बिस्किटं’ वापरली गेली. पतंगाच्या अंगातल्या चरबी-प्रथिनांशी मिळतंजुळतं हे खाद्य झूज व्हिक्टोरियाने, म्हणजे राज्यातली प्राणिसंग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने, पतंगांच्या तुटवड्यासाठी तयार केलं होतं. मांजर-कोल्ह्याला तोंड घालता येणार नाही अशा खाद्यपेट्यांतून ते पाण्यासोबत ठेवलं. आणीबाणीला हे योग्यच होतं. मात्र दरवर्षी बिस्किटं ठेवून पॉसम जगवणं मला पटत नाही. खाद्यपेटीभोवती गर्दी होते, रोगाची आणि शिकाऱ्यांची भीती वाढते, आणि मुख्य म्हणजे पतंगांचा प्रश्न सुटल्याचा खोटा दिलासा मिळतो.

बुलरचं उदाहरण मात्र मी कुणालाही अभिमानाने सांगते. तिथला कळप इतरांपासून वीसेक हजार वर्षं तुटलेला. १९९६ ला सापडला तेव्हा तीनशेच्या आसपास प्राणी होते. स्कीच्या वाटांनी अधिवास तुकडे झाला, मांजरं-कोल्हे वाढले, आणि दहा वर्षांत संख्या तीस-चाळीसवर आली. जनुकीय विविधताही झपाट्याने गळाली. भाऊबंदांतच संबंध होऊ लागले की पिल्लं दुबळी निपजतात. २०११ मध्ये हॉथमहून सहा नर आणून बुलरला सोडले. त्या वेळी विरोधही झाला: इतक्या काळाने वेगळे झालेले कळप एकत्र केले तर स्थानिक वैशिष्ट्य पुसलं जाईल, संकरित पिल्लं तग धरणार नाहीत. झालं उलट. संकरित पिल्लं थोराड निघाली, संकरित माद्यांना पिल्लं जास्त झाली आणि त्या जास्त जगल्या. काही वर्षांत संख्या दोनशेच्या पुढे गेली. अँड्र्यू वीक्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हे प्रसिद्ध केलं. पण नर आणण्याआधी आणि नंतरही बुलरवर शिकारी प्राण्यांवर नियंत्रण चालू होतं, उखडलेल्या पट्ट्यांत दगड टाकून प्लम पाइन लावलं जात होतं. नुसतं रक्त बदलून काम झालं असतं असं कुणी समजू नये.

आता तुमचा दुसरा प्रश्न: प्राणिसंग्रहालय. मेलबर्नजवळच्या हील्सविल अभयारण्यात (नाव अभयारण्य, पण ते प्राणिसंग्रहालयच आहे) पैदास झालेली आहे आणि तिथून मिळालेलं ज्ञान मोलाचं आहे. पण कैदेत पिढ्या वाढल्या की शीतनिद्रेची चरबी बरोबर वेळी साठवणं, पतंग पकडणं, मांजराला ओळखणं, यांवरचा निसर्गाच्या निवडीचा दाब सैल होतो, म्हणजे हे न जमणारेही जगून जातात. संग्रहालयाला मी विमा मानते. विमा काढला म्हणून घर जळू द्यायचं नसतं.

यातूनच एक वेगळी कल्पना पुढे आली. या पॉसमच्या पूर्वजांचे जीवाश्म क्वीन्सलंडच्या रिव्हर्सली भागात सापडतात, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीपासूनचे, आणि ते सगळे सखल, दमट जंगलातले. याचा अर्थ बर्फ ही या कुळाची जुनी गरज नसावी. हवामान कोरडं होत गेलं तसा हा एकच वंशज डोंगरावर अडकला असावा. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या मायकल आर्चर यांच्या गटाने असा विचार मांडला की डोंगर तापत असताना याला पुन्हा खालच्या, थंड-दमट जंगलाची सवय करून पाहावी. त्यासाठी सिडनीच्या पश्चिमेला लिथगोजवळ सुमारे हजार मीटर उंचीवर पैदास केंद्र उभं राहिलं आहे. माझे काही सहकारी याबाबत साशंक आहेत. दाढेच्या जीवाश्मावरून आजच्या प्राण्याची शरीरक्रिया ठरवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. तरी प्रयोग व्हावा असं मला वाटतं, कारण डोंगराला आणखी उंची नाही. हिमालयात प्राणी वर सरकू शकतो, इथे दोन हजार दोनशे मीटरला आकाश लागतं.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. या डोंगरांत फिरताना मला सांबराची लीद दिसते. आपल्या ताडोबातलं, मेळघाटातलं सांबर. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी ते व्हिक्टोरियात आणून सोडलं. तिकडे ते घटतंय, इकडे बेसुमार वाढलंय. इथे वाघ नाही, भारतातले ढोल (कोळसून) नाहीत. उंचावरची दलदलीची कुरणं त्याच्या खुरांनी तुडवली जातात, झुडपांची साल शिंगांनी घासून सोलली जाते. पॉसमच्या दगडराशींना त्याचा थेट त्रास कमी, पण ज्या पाणथळ कुरणांवर सगळा डोंगर अवलंबून आहे ती त्याने बिघडतात.

शेवटी, तुम्हाला काय करता येईल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पतंग प्रवासात असतात तेव्हा बाहेरचे दिवे बंद ठेवा, पडदे लावा. तेजस्वी दिव्यांभोवती घिरट्या घालत पतंग थकून मरतात किंवा वाट चुकतात. झूज व्हिक्टोरियाने यासाठी मोहीमही चालवली आहे. तुमच्या सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या इमारतीवर रात्रभर जळणारे दिवे असतील तर व्यवस्थापनाला पत्र लिहा. एका घरापेक्षा एका इमारतीचा फरक जास्त पडतो. बोगाँग मॉथ दिसला तर फोटो काढून मॉथ ट्रॅकर संकेतस्थळावर नोंदवा. इतक्या मोठ्या मुलखात पतंग कुठून कुठे चालले आहेत हे मोजायला संशोधक पुरे पडत नाहीत, तिथे लोकांच्या नोंदी खरोखर उपयोगी येतात. बागेत कीटकनाशक फवारण्याआधी दोनदा विचार करा.

मांजर पाळत असाल तर रात्री घरात ठेवा, आणि डोंगरावर सुट्टीला जाताना ते बरोबर नेऊ नका. हॉथम किंवा बुलरला कचरा उघड्यावर टाकू नका, कारण त्यावर कोल्हे येतात आणि मग तिथेच राहतात. उन्हाळ्यात चालायला गेलात तर दगडराशींवर चढू नका, दगड हलवू नका, आखलेली वाट सोडू नका. पॉसम तुम्हाला दिसणार नाही, तो दिवसा खाली फटीत असतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्या पायाखाली पिशवीत पिल्लं घेतलेली मादी असण्याची शक्यता असते. आणि भुयाराच्या तोंडाशी फोटो काढायला गेलात तर तिथले दगड सरकवू नका. त्या फटींतूनच नरांची ये-जा चालते.